गल्लीच्या किल्ल्या आणि दूरची खिडकी

आपा कुणाची किल्ली हातात घ्यायची नाही. तुम्ही गावाला निघालात, दाराला कुलूप लावलंत आणि तिच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून किल्ली पुढे केलीत, की ती दोन्ही हात ओढणीत गुंडाळायची आणि हनुवटीनं भिंतीकडे दाखवायची. भिंतीवर एक लाकडी फळी होती आणि फळीवर खिळ्यांच्या ओळी.

"खुद लावा. जाताना तुमच्या हातानं, आल्यावर तुमच्या हातानं. मी हात लावत न्हाई."

एकदा माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि ही बाई हनुवटी हलवत बसलेली. मी चिडून विचारलं, "मग तुम्ही सांभाळता तरी काय?"

"नजर," ती म्हणाली. "चाबी तुमची, नजर माझी."

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवतो. नांदेडला मी बरीच वर्षं टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली. एका खोलीत सगळी यंत्रं एकदम खडखडायची, त्यांच्या वर आवाज काढता काढता माझा गळा मोठा झाला तो झालाच. आता इन्स्टिट्यूट बंद आहे, बायको नातवासाठी पुण्याला मुलाकडे असते आणि जुन्या नांदेडातल्या आमच्या गल्लीत मी एकटा राहतो. आठवणींचा लेख म्हणून तुम्ही काही गोड वाचायच्या तयारीनं बसला असाल तर तसं होणार नाही. हे मी रागात लिहितो आहे, आणि तो राग निवावा अशी माझी इच्छाही नाही.

दुकान मूळचं आपाच्या अब्बांचं, कुलूप दुरुस्तीचं. गल्लीतली माणसं किल्ली ठेवायला, आणि पुढे घराची दुसरी किल्ली कायमची टांगून ठेवायलाही, कुलूपवाल्याकडेच येणार, यात नवल नाही. ते गेले तेव्हा आपा लग्न होऊन उदगीरला होती. काही वर्षांनी ती परत आली. का आली, ते गल्लीनं निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितलं, तिनं एकदाही सांगितलं नाही. तिनं अर्ध्या दुकानात कानशी, कुलपं तशीच ठेवली आणि अर्ध्यात एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला. बाहेर पाटी लावली, 'कुलूप दुरुस्ती व ऑनलाइन सर्व कामे'. लाइट बिल, गॅस, दाखले, पीकविमा, परीक्षांचे अर्ज, सगळं तिथं व्हायचं.

तिथंही तिची रीत तीच. गिऱ्हाइकानं पासवर्ड टाकायची वेळ आली की ती खुर्चीवरून उठून पायरीवर जायची आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहायची. आत बसलेला माणूस ओरडायचा, "आपा, टाक की तूच. मला कुठं येतंय?"

"न्हाई. सांगू बी नका. एक एक अक्षर बघून टाका, मी हितं उभी हाय."

आता आपल्या लोकांचा स्वभाव तुम्हाला काय सांगायचा! एवढ्या कष्टानं टाकलेला पासवर्ड पुढच्या वेळी कुणाच्या लक्षात राहायचा नाही. मग नवा काढा, मोबाइलवर आकडे येईपर्यंत थांबा, तोवर मागचं गिऱ्हाईक कुरकुरणार. शेवटी गल्लीनंच तोडगा काढला. खातं एकदा उघडलं ना, मग बंदच करू नको, राहू दे तुझ्याकडं उघडं. घराची किल्ली जिथं, तिथंच हेही. ती पुष्कळ दिवस नको नको म्हणत होती. मग तिनंही मान तुकवली. मी स्वतः त्यात होतो. माझी ई-मेल तिच्याकडेच उघडी असायची, कारण मुलगा नातवाचे फोटो त्यावर पाठवायचा.

कॉम्प्युटर मात्र खरोखर म्हातारा होता. पान उघडायला लावून गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं. त्यात कुणीतरी पेन ड्राइव्ह आणून लावला आणि त्यातल्या व्हायरसनं सगळं दुकान आडवं केलं. दुरुस्तीवाल्यानं यंत्रातलं सगळं पुसून ते पुन्हा चालू करून दिलं आणि आपाला एक नवीन प्रकार सुचवला. ब्राउझरच, पण तो आपल्या यंत्रावर चालत नाही. पान उघडतं ते कंपनीच्या दूरच्या मोठ्या यंत्रावर, आपल्याकडे दिसतं ते फक्त त्याचं चित्र. जड काम तिकडे होतं म्हणून इकडचं जुनं यंत्रही पळतं, आणि एखाद्या पानात व्हायरस असला तरी तो तिकडेच अडकतो. त्यासाठी महिन्याला थोडे पैसे भरायचे.

आपाला हे पटलं. नुसतं पटलं नाही, तिनं ते सगळ्या गल्लीला समजावलं. "दुकान तिकडं हाय, हितं नुसती खिडकी. चोर खिडकीपस्तोर आला तरी काय नेईल? फोटो नेईल."

आणि मी कुणाचं सहसा कौतुक करत नाही, पण सांगतो, ते पळायचं. मी खिशातून चष्मा काढेपर्यंत माझं लाइट बिल भरलेलं असायचं. आपा खूश होती. संध्याकाळी यंत्र बंद केलं तरी सकाळी सगळ्यांची पानं जिथल्या तिथं. त्या ब्राउझरमध्ये प्रत्येकाला तिनं वेगळा कप्पा करून दिला होता आणि कप्प्यांचा क्रम फळीवरच्या खिळ्यांचाच ठेवला होता. सकाळी दुकान उघडलं की आधी फळीवरून नजर फिरवायची, किल्ल्या आहेत ना. मग यंत्र सुरू करून एकेक कप्पा उघडून बघायचा, सगळं जागेवर आहे ना. मग चहा.

मी चिडवलं तिला. "म्हणजे आता गल्लीच्या किल्ल्या कुठल्या तरी कंपनीच्या भिंतीवर म्हणा की."

तिनं ते थट्टेवारी नेलं नाही. विचार करून म्हणाली, "कंपनीवर नजर कुणाची, ते मला बी म्हाईत न्हाई, मास्तर. पण माझ्या मशीनवर चोर रोज येऊन राहिले व्हते. तिथं कुणीतरी पहाऱ्याला तर हाय."

पहिला खिळा अप्पांचा. अप्पा म्हणजे समोरचे किराणावाले. कपाळावर भस्माचे पट्टे, गल्ल्यामागे शंकराची तसबीर, बोलणं मऊ. आपाच्या अब्बांच्या काळापासून त्यांची किल्ली पहिल्या खिळ्यावर असायची. एकदा ते सहकुटुंब देवाला गेलेले असताना त्यांच्या दाराखालून पाणी रस्त्यावर यायला लागलं. आत नळ उघडा राहिला होता. किल्ली आपासमोर भिंतीवर लटकलेली, पण तिनं ती काढली नाही. आधी अप्पांना फोन लावला, मग मला हाक मारली. "मास्तर, अप्पा बोलून राहिले, तुम्ही काढा." मी दार उघडून नळ बंद केला, धान्याची पोती उचलून कोरड्यात ठेवली. ती पायरीपाशी परातीनं पाणी उपसत होती. आत या म्हटलं तर आली नाही. "मालक न्हाई, तर मी बी न्हाई." परत आल्यावर अप्पांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले आणि म्हणाले, "आपा हाय म्हणून आमी बिनघोर जातो." हे वाक्य मी विसरलेलो नाही. तुम्हीही थोडा वेळ लक्षात ठेवा.

मग ती सकाळ आली. मी दाढी करत होतो. फोनवर निरोप आला, 'तुमच्या खात्यात नवीन ठिकाणाहून प्रवेश झाला आहे. ठिकाण: दुबई. हे तुम्हीच आहात का?' मी साबण लावलेल्या तोंडानं आरशात पाहिलं. मी नांदेडलाच होतो.

बाहेर आलो तर दारोदारी माणसं फोन घेऊन उभी. एकेकाचा फोन वाजत चालला होता आणि तोही खिळ्यांच्या क्रमानं. कारण तिकडे आपा रोजच्यासारखी एकेक कप्पा उघडून, सगळं जागेवर आहे ना, ते बघत होती.

झालं होतं ते एवढंच. कंपनीनं कमी पैशांच्या गिऱ्हाइकांचं काम मुंबईच्या यंत्रांवरून काढून दुबईच्या यंत्रांवर टाकलं होतं. तशी सूचना इंग्रजीत कोपऱ्यात कुठंतरी आली होती. आपानं 'ठीक आहे'चं बटण दाबलं होतं, जसं तुम्ही आणि मी दाबतो. आता खात्यांच्या हिशेबी सगळी गल्ली रातोरात दुबईला गेली होती. काही खाती संशयानं बंदही पडली. त्यात अप्पांच्या मुलीचं होतं. ती लातूरला मेडिकलच्या क्लासला होती आणि कॉलेजांची पसंती भरायचा तो शेवटचा दिवस होता.

अप्पा अनवाणी रस्ता ओलांडून आले. इथवर मी त्यांना दोष देत नाही. पोरीचं वर्ष जायची वेळ आली की बापाचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

आपानं कंपनीला फोन लावला, तिकडे नुसतं गाणं वाजत होतं. मग दुरुस्तीवाल्याला विचारलं, त्यानं काय झालं असेल ते सांगितलं. तिनं अप्पांच्या मुलीला लातूरहून फोनवर धरून ठेवलं, तिच्या मोबाइलवर येणारे आकडे तिच्याच हातानं टाकायला लावले, आणि दुपारी खातं उघडलं. पसंती भरली गेली. पोरगी फोनवर रडली, अप्पांनी डोळे पुसले, आपानं त्यांना पाणी दिलं. इथं हे संपायला हवं होतं.

पण तोवर गल्लीच्या मोबाइल ग्रुपवर कुणीतरी नकाशाचं चित्र टाकलं होतं. दुबईवर लाल ठिपका. खाली कुणीतरी लिहिलं, 'आपाचा भाचा दुबईलाच आहे ना?'

बस, एवढंच. पुढचं कुणी लिहिलं नाही. एकानं हात जोडले, एकानं 'सावध राहा' टाकलं, एकानं 'आपली माणसं कोण ते ओळखा' टाकलं. मला सगळ्यात जास्त राग या अर्ध्या वाक्यांचा आहे. पूर्ण वाक्य असतं तर त्याच्या मुस्काटात मारता आली असती. अर्ध्या वाक्याला गाल नसतो. आणि तो भाचा! तो तिकडे लोकांचे एसी दुरुस्त करतो. दर रमजानला तो खजूर पाठवायचा आणि आपा ते घरोघर वाटायची. ग्रुपवर हात जोडणाऱ्या प्रत्येकानं ते बिया चोखून चोखून खाल्ले होते.

मी ग्रुपवर लिहिलं, 'ज्याला काही विचारायचं असेल त्यानं आपाच्या पायरीवर येऊन तिच्या तोंडावर पूर्ण वाक्य विचारावं.' मग कुणीतरी गुलाबाचं फूल टाकून शुभ संध्याकाळ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आपा म्हणाली, "कुणी तक्रार द्यायच्या आधी मीच जाते." मी बरोबर गेलो. सायबरच्या खोलीत एक तरुण पोलीसबाई होत्या. त्यांनी आपाला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, खात्यांवरच्या नोंदी बघितल्या. मागवलेला चहा यायच्या आत त्यांना उलगडा झाला.

"मावशी, कुणी काही चोरलेलं नाही. तुमचा ब्राउझर तिकडच्या यंत्रावर उघडतो, म्हणून तिकडचं नाव आलं. पण एक चूक आहे तुमची. एवढ्या लोकांची खाती तुमच्या एका खात्यात उघडी ठेवलीत. उद्या तुमचा एक पासवर्ड गेला तर सगळी गल्ली गेली. तेव्हा ब्राउझर कितीही पक्का असून काय उपयोग? ज्याचं त्याला देऊन टाका."

"हाव," आपा म्हणाली. "हे बरोबर बोलल्या तुम्ही. लोकं म्हणले म्हणून ठेवली. ठेवायची नव्हती."

तिनं वाद घातला नाही, लोकांवर ढकललंही नाही. परत येऊन तिनं प्रत्येकाला बोलावलं आणि ज्याचं खातं त्याच्या मोबाइलवर, त्याच्या हातानं नवा पासवर्ड टाकून करून दिलं. स्वतः पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून. मी पोलीसबाईंचं म्हणणं शब्द न् शब्द ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा मला दिसत होत्या.

त्याच संध्याकाळी अप्पा आले. मी दुकानात स्टुलावर बसलो होतो.

"आपा, चाबी घेऊन जातो जरा."

"घ्या की. तुमच्या हातानं."

मी म्हटलं, "अप्पा, पोलीसबाई काय म्हणाल्या ते वाचलंत ना?"

"वाचलं, मास्तर. पटलं बी. आपावर माझा शक न्हाई, देवाशप्पथ न्हाई. पण उगं कशाला... पोरगी हाय घरात. लोकं बोलून राहिलेत."

"कोण लोकं?"

"लोकं म्हंजे लोकं."

"लोकं म्हणजे तुम्ही, अप्पा. इथं दुसरं कुणी उभं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाय उंचावून पहिल्या खिळ्यावरची किल्ली काढली, ती मुठीत घेतली आणि रस्ता ओलांडून गेले. किल्ली इतकी वर्षं होती तिथं लाकडावर तिचा फिकट आकार उरला होता.

मग रांगच लागली. भाऊ राहायला येणार आहे म्हणून, नवं नंबरचं कुलूप बसवलंय म्हणून, सासऱ्यांना एक किल्ली जवळ हवी म्हणून. खरं कारण एकानंही सांगितलं नाही. सगळे हसून, 'कशा हाव आपा' विचारून, नेत होते. मी एकेकाला सुनावलं. एकाला तर अशा शब्दांत, की पुण्याहून बायकोचा फोन आला. "या वयात शोभतं का?" मी म्हटलं, शोभतं.

आपाच मला दटवायची. "चिल्लावू नका, मास्तर. चाबी त्यांची हाय."

"आणि नजर?"

तिनं फडकं घेतलं आणि फळी पुसायला लागली. सकाळी त्या रिकाम्या खिळ्यांवरून ती नजर फिरवायची तशीच फिरवत होती, हे मी पाहिलेलं आहे.

मला तिचाही राग आला होता. ही बाई ओरडत का नाही? एकदा तिला विचारलंच. ती म्हणाली, "कुणावर ओरडू? कंपनीला तोंड न्हाई. लोकांचं तोंड रोज बघायचं हाय. त्यांच्यावर ओरडून मी राहू कुठं?"

गिऱ्हाईक कमी होत गेलं. चौकात ऑनलाइन कामांचं एक एसीवालं नवीन केंद्र निघालं, सगळी गल्ली तिथं जायला लागली. मी मुद्दाम जाऊन बघून आलो. तिथला मालक गिऱ्हाइकाला पासवर्ड मोठ्यानं विचारतो आणि स्वतः टाकतो. सगळं दुकान ऐकत असतं. आणि ब्राउझर? तसलाच. त्याच दुरुस्तीवाल्यानं बसवलेला. त्या केंद्रात उघडलेल्या खात्यांनाही दुबईचा ठिपका लागतो. अप्पांच्याच फोनवर मी तो पाहिला. मी म्हटलं, "हे काय, अप्पा?" ते म्हणाले, "ते कंपनीचं असतंय, मास्तर. कायी न्हाई त्यात." मला त्या क्षणी त्यांचा तो फोन नालीत भिरकवावासा वाटला. नाही भिरकवला, याचं अजून वाईट वाटतं.

शेवटी आपाच्या लातूरच्या भावानं तिला बोलावून घेतलं. त्याचं तिथं कुलपांचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. सामान भरायला टेम्पो आला. गल्ली आपापल्या कामात फार गढलेली होती. मी गेलो तेव्हा फळी भिंतीवरून काढून टेम्पोला टेकवून ठेवली होती आणि तिच्यावर एकच किल्ली लटकत होती, माझी.

"मास्तर, चाबी काढा."

"नाही काढत."

"मी लातूरला चालले."

"जा ना. मी कुठं अडवलं? किल्ली राहू द्या तिथंच."

"आन् तुम्ही बाहेर अडकले तर?"

"अडकेन."

ती हसली. किती दिवसांनी हसली. मग ओढणीचं टोक डोळ्याला लावलं आणि म्हणाली, "मग बांधा नीट. रस्ता खराब हाय, पडंल. मी हात लावत न्हाई." मी दुकानातली सुतळी घेतली आणि किल्ली खिळ्याला गाठ मारून बांधली. टेम्पो गेला. आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात.

अडकायचं ते मी मागच्या महिन्यात अडकलो. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला पायरी उतरलो आणि वाऱ्यानं दार मागे लागलं. लॅच बसली, किल्ली आत. मी पायजमा, बनियनवर शर्ट, हातात दूध. पाच मिनिटांत गल्ली जमली. माणसं वाईट नाहीत हो, हीच तर चीड आहे. कुणी खुर्ची आणली, कुणी खिडकीतून काठी घालून बघितली. अप्पा धावत आले. "मास्तर, कुलूपवाल्याला फोन लावू का? तिकडं स्टेशनाकडं एक हाय."

"कशाला? किल्ली आहे माझी. आणायला चाललो."

"कुठं?"

"लातूरला."

मी दुधाची पिशवी अप्पांच्या हातात दिली. "एवढी सांभाळा. आणि घरावर नजर ठेवा." शर्टाच्या खिशात फोन होता; हल्ली तेवढ्यावर माणूस लातूर गाठू शकतो. स्टँडवर जाऊन एसटीत बसलो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. सगळ्या रस्त्यानं मी आपाला काय काय सांगायचं ते मनात घोकत होतो.

आपा नव्हती. नात्यातल्या लग्नाला उदगीरला गेली होती. तिचा भाऊ मला पाहून उठला. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाला, "मास्तर ना तुम्ही? या. आपानं सांगून ठेवलंय. मास्तर कवा बी येतील, त्यांची चाबी त्यांनाच काढू द्या, कुणी हात लावू नका."

आतल्या भिंतीवर तीच फळी होती. आणि तिच्यावर किल्ल्या होत्या. लातूरच्या त्या गल्लीनंही तिला ओळखलं होतं. खालच्या ओळीत माझी किल्ली, सुतळीला मी मारलेली गाठ तशीच, तिच्यावर धूळ बसलेली. फक्त वरचा पहिला खिळा रिकामा होता.

"हा का रिकामा?" मी विचारलं.

"त्याच्यावर ती कुणालाच लावू देत न्हाई," भाऊ म्हणाला. "म्हणते, तो नांदेडच्या एकांचा हाय."

मला इतका राग आला की बसावं लागलं. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही. अप्पांचा, गल्लीचा, त्या बिनतोंडाच्या कंपनीचा, आणि या बाईचासुद्धा, जिला कसली म्हणून चीड येत नाही. भावानं पाणी दिलं. त्याच्याच यंत्रावर त्यानं मला दुसरी किल्ली पाडून दिली. मूळची मी माझ्या हातानं परत खिळ्याला लावली आणि पुन्हा गाठ मारली.

दिवेलागणीला मी गल्लीत आलो. अप्पा माझ्या पायरीवर बसून होते. दिवसभर दुकान पोरावर टाकून ते तिथंच बसले होते म्हणे. दुधाची पिशवी त्यांनी फ्रिजमधून आणून हातात धरली होती.

"मिळाली चाबी?"

"मिळाली. होती तिथंच होती."

मी दार उघडलं. ते मागे घुटमळत राहिले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "आपा कायी म्हणली का?"

आपा भेटली नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, "पहिला खिळा रिकामा ठेवलाय तिनं. तुमचा आहे म्हणते."

पिशवी मला द्यायला आणली होती, ती तशीच हातात धरून अप्पा रस्ता ओलांडून आपल्या दुकानात गेले.